ह्यो राग ह्यांचो की आजाराचो?

शुभांगीने पहिल्याच भेटीत, पदराने घाम टिपता टिपता विचारलं, "मॅडम, माका येकच सांगा. ह्यो राग ह्यांचो की आजाराचो?"

बायपोलर, म्हणजे मन कधी उत्साहाच्या तर कधी उदासीच्या टोकाला नेणारा आजार, असलेल्या माणसाच्या घरातून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. आई विचारते, "आज पोरगा खूप हसतोय, हे चांगलं की वाईट?" नवरा विचारतो, "ही दोन दिवस गप्प आहे, डॉक्टरांना फोन करू का?" एकदा आपलं माणूस आजाराने पार बदललेलं बघितलं की पुढे त्याच्या साध्यासुध्या हसण्या-रुसण्यावरही विश्वास बसेनासा होतो. औषधं नीट चालू असतात, माणूस कामाला जात असतो, आणि तरी घरातले सगळे श्वास रोखून वावरतात. या काळजीवर शुभांगी आणि महेशसोबत जे काम झालं ते दोघांच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

महेश देवगड तालुक्यातला, वय छत्तीस. समुद्राकडे उतरणाऱ्या कातळावर वडिलांनी लावलेली हापूसची कलमं, शिवाय दरवर्षी दुसऱ्यांच्या एक-दोन बागा कराराने. घरी आई, बायको शुभांगी आणि चौथीतली मुलगी. मोठा भाऊ मुंबईला.

विशीत महेशही मुंबईत नोकरीला होता. तिथे एका पावसाळ्यात तो खोलीतून बाहेर पडेनासा झाला. जेवण नाही, अंघोळ नाही, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात तो उठला, आणि असा उठला की खोलीतल्या पोरांना रात्रभर झोपू देईना. नोकरी सोडून धंदा काढायचा म्हणून त्याने दोघा-तिघांकडून पैसे घेतले. "आता बरो झालो," असं समजून गोळ्या बंद झाल्या, चढलेलं यथावकाश उतरलं, आणि गावी परत आल्यावर त्या महिन्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेला तरी तो उदासीबद्दलच सांगायचा, कारण त्याच्या लेखी आजार तेवढाच होता.

बायपोलरचं निदान लांबतं ते बहुतेक इथेच. उदासी त्रास देते म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. उत्साहाचा टप्पा त्याला स्वतःला गोड वाटतो, मग तो सांगावा कशाला? आणि बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी चालू केली, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर काही जणांचं मन थेट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या जुन्या माणसाला सोबत न्यावं आणि एक प्रश्न आपणहून काढावा: आयुष्यात असे काही दिवस होते का, की झोप कमी झाली पण थकवा आला नाही, डोकं भराभर चालत होतं, आणि पैसा पाण्यासारखा गेला?

महेशचा मोठा झटका तीन वर्षांपूर्वी, गणपतीत. तो गावच्या भजनात पखवाज वाजवतो. चाकरमानी आले होते, रोज वेगळ्या घरी भजन, पहाटेपर्यंत बाऱ्या. पहिल्या तीन रात्री तो दोन-दोन तास झोपला. चौथ्या रात्री पडलाच नाही, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी फुलं काढायला परड्यात हजर. हे इथेच सांगून ठेवते: जागरणाने डोळे तारवटले, अंग मोडून आलं, तर ते जागरण. न झोपता माणूस टवटवीत दिसतोय, उलट जास्तच कामाला लागलाय, तर लक्ष द्यायची वेळ आली.

पाचव्या दिवशी देवळात उभं राहून त्याने सभामंडपाचा सगळा खर्च अंगावर घेतला. आठवड्यात टेम्पो बुक झाला, चार बागांना आगाऊ रक्कम गेली, शुभांगीच्या बांगड्या तारण पडल्या. बोलणं इतकं वेगात की एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मध्ये बोलेल त्याच्यावर धावून जायचा. सासूबाईंनी कौल लावला. "वाटेत देवचार आडवो इलो असतलो," म्हणून देवापुढे गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. दहाव्या-बाराव्या दिवशी विहिरीत कुणीतरी औषध टाकलंय असं म्हणून त्याने पोरीच्या हातातला पाण्याचा पेला उडवला. तेव्हा मात्र भाऊ मुंबईहून आला आणि गाडी करून त्याला रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात घेऊन गेला. तिथे निदान झालं आणि लिथियम हे औषध सुरू झालं.

गाऱ्हाण्याबद्दल मला लोक मुद्दाम विचारतात, म्हणून सांगते. मी कुणालाही गाऱ्हाणं घालू नका असं म्हणत नाही. सासूबाई आजही महेशसाठी गाऱ्हाणं घालतात आणि गोळीच्या वेळेवरही त्यांचंच लक्ष असतं. अडचण येते ती "आधी हे करून बघू, मग डॉक्टर" म्हटल्यावर. उन्मादाच्या, म्हणजे मन असं चढलेलं असतं त्या काळात एकेका दिवसाची किंमत फार मोठी असते. महेशच्या घरात ती त्या दहा-बारा दिवसांत चुकती झाली, आणि कर्ज अजून फिटतं आहे.

शुभांगी माझ्याकडे आली तेव्हा हे सगळं मागे पडलं होतं. तीन वर्षांत मोठा झटका नाही, बाग व्यवस्थित. आता भांडण होतं ते जमिनीचं. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं असताना रस्त्यालगतच्या तुकड्याची विक्रीची बोलणी मोठ्या भावाने परस्पर केली होती. महेशला ते गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं. संध्याकाळी भावाचा फोन आला, महेशचा आवाज चढला, फोन ठेवल्यावर त्याने ओटीवरचा तांब्या भिरकावला. आतून आईने विचारलं, "रे, गोळी घेतलंस मा?" शुभांगीने पोरीला शेजारी पाठवलं. भावाने मुंबईहून पुन्हा फोन करून शुभांगीला सांगितलं, "त्याला आवर, परत चढतंय वाटतं."

महेश पुढच्या वेळी आला तो मान खाली घालून. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "या घरात मला रागवायची परवानगी नाही, मॅडम. मी बरोबर बोललो तरी आई गोळीचं पाकीट शोधते. दादाला तर सोपंच झालंय. मी विरोध केला की मी आजारी, सही केली की मी बरा."

हे वाक्य मी शुभांगीसमोर त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ती रडली. तिची भीतीही खोटी नव्हती. पाण्याचा पेला उडाला तेव्हा ती तिथेच उभी होती.

राग कुणाचा हे रागाकडे बघून कळत नाही. आवाज, लाल डोळे, तांब्या, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. बघायचं ते आजूबाजूला. बायपोलरचे टप्पे दिवसांनी मोजले जातात. पूर्ण उन्माद म्हणायला ती अवस्था साधारण आठवडाभर, जवळजवळ दिवसभर टिकावी लागते, किंवा दाखल करावं लागण्याइतकी तीव्र असावी लागते. सौम्य उन्मादालाही किमान चार दिवस, आणि उदासीच्या टप्प्याला किमान दोन आठवडे. म्हणून सकाळी चिडला, दुपारी हसला, संध्याकाळी गप्प बसला, एवढ्यावरून कुणाला बायपोलर म्हणू नये. हल्ली हा शब्द असाच कुणालाही चिकटवला जातो आणि खरोखर आजारी असलेल्यांना त्याचा त्रास होतो. शिवाय उन्माद एकटा येत नाही. झोप, बोलणं, खर्च, बेत, सगळंच सोबत हलतं.

आम्ही तांब्याच्या दिवसाचा हिशेब मांडला. त्या रात्री महेश किती झोपला? साडेदहा ते पाच. दुसऱ्या दिवशी काय केलं? फवारणीचा पंप दुरुस्त केला, सोसायटीत जाऊन आला, जेवला. कुणाला अपरात्री फोन? नाही. नवीन खरेदी, नवीन बेत? नाही. राग कशावर होता? एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट खरी होती. तिसऱ्या दिवशी तो तलाठी कार्यालयात जाऊन फेरफाराची चौकशी करून आला. शुभांगी हे सांगता सांगता स्वतःच थांबली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे तो तुमचोच राग होतो."

मग तांब्याचा विषय मी काढला. राग त्याचा होता तर तांब्याही त्याचाच. पोरगी घाबरली, त्याची जबाबदारी आजारावर टाकता येणार नाही. महेशने ते लगेच मान्य केलं, आणि मला वाटतं त्याला त्यातून बरंही वाटलं. ज्याला सगळं आजाराच्या नावावर माफ असतं, त्याचं घरातलं वजन जातं.

पुढच्या भेटीत दोघांना वेगवेगळं बसवून लिहायला सांगितलं: मागच्या वेळी चढायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी काय बदललं? मुंबईचा महिना आणि गणपती, दोन्ही आठवून. महेशने लिहिलं: पहाटे साडेतीनला जाग, परत पडावंसं न वाटणं, बॅटरी घेऊन बागेत जाणं, मुंबईच्या जुन्या मित्रांना रात्री फोन, आंब्याचा पल्प काढायच्या कारखान्याचा बेत. शुभांगीने लिहिलं: उभ्या उभ्या जेवणं, मोबाइलवरचं स्टेटस दिवसातून दहादा बदलणं, कारण नसताना सगळ्यांसाठी काहीतरी आणणं. शेवटचं वाचून महेश आधी हसला, मग आठवून म्हणाला, दोन्ही वेळी तो आधी चिडला नव्हता. आधी तो खूप प्रेमळ झाला होता. गड्यांना कपडे, पोरीला सायकल, शेजाऱ्यांना मिठाई. चिडणं आठवड्याभराने आलं, लोक अडवायला लागल्यावर.

म्हणजे घर तीन वर्षं रागावर पहारा देत होतं आणि आजाराची वाट दुसरीकडून होती. हे महेशचं झालं. दुसऱ्या कुणाची सुरुवात खरोखरच चिडचिडीने होते, एखादीची देवपूजा वाढते, कुणी घरातलं सामान हलवायला लागतं. त्यामुळे पुस्तकातली लक्षणांची यादी भिंतीवर लावून भागत नाही, आपल्या माणसाची यादी आपल्यालाच करावी लागते. ती माणूस बरा असताना, त्याच्या हाताने व्हावी. दुसऱ्यांनी केलेली यादी त्याला आरोपपत्रासारखी वाटते.

झोप मात्र जवळजवळ सगळ्यांच्या यादीत येते. झोप बिघडणं ही चढण्याची खूण असते आणि कारणही असतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत महेश रोज सकाळी झोपेचे तास लिहितो. शुभांगीने लिहायचं नाही, त्यानेच. पाच तासांपेक्षा कमी झोप सलग दोन रात्री, आणि यादीतली आणखी एक गोष्ट, असं झालं की डॉक्टरांना फोन. फोन कुणीही करावा, त्यावर वाद नाही.

गोळीबद्दलही घरात ठरलं. सात खणांची प्लास्टिकची डबी मेडिकलमध्ये मिळते, ती स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवली. ज्याला शंका येईल त्याने जाऊन आजचा खण रिकामा आहे का बघावं. महेशला भांडणाच्या मध्ये "गोळी घेतलंस मा" विचारायचं नाही. सासूबाईंना हे अवघड गेलं. त्यांनी मला सांगितलं, "तोंडातसून भायर पडताच." पण डबी बघायची सवय त्यांनी लावून घेतली.

आणि जिथे कळतच नाही? असे दिवस येतात. झोप सहा तास, बोलणं जरा जास्त, खर्च जरा जास्त. तेव्हा राग खरा की आजाराचा हा निकाल त्याच संध्याकाळी लावायचा हट्ट सोडावा. मोठा व्यवहार दोन दिवस पुढे ढकलावा, त्या रात्री लवकर दिवा मालवावा, दोन दिवसांनी कॅलेंडर बघावं. आजार असेल तर तोवर दुसऱ्या खुणा दिसतात. नसेल तर भांडण भांडणासारखं मिटवता येतं.

आता आंब्याच्या मोसमाबद्दल, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. लिथियम हा एक क्षार आहे. १९४९ मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही या आजारातलं ते सगळ्यात भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही त्याचं मोल मोठं आहे. पण ते रक्तात मोजूनमापून ठेवावं लागतं. नेहमीच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, काहींना त्याच्या आधीही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते.

एप्रिलअखेर महेश आंबा उतरवत होता. दिवसभर झेला हातात, कातळावरचं ऊन, संध्याकाळी पेट्या भरणं, रात्री गाडी वाशीला रवाना. कंबर धरली म्हणून त्याने दुखण्याची गोळी आणली आणि चार दिवस घेतली. त्यातच पोट बिघडलं. पाचव्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की आंब्याभोवती गवत नीट लागेना. पाय लटपटत होते, जीभ जड. नेपाळी गड्याला वाटलं शेठ प्यायलेत. शुभांगीने ओळखलं, कारण ही लक्षणं डॉक्टरांनी तिला आधी सांगून ठेवली होती. तिने संध्याकाळची गोळी दिली नाही आणि तडक गाडी करून त्याला नेलं. रक्तातली पातळी चढलेली निघाली. सलाईन, दोन दिवस देखरेख, मग डॉक्टरांनी डोस ठरवून पुन्हा सुरू केला.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्याही वाढवतात. साध्या दुखण्याला, तापाला पॅरासिटामॉल चालतं, तरी एकदा विचारून घ्यावं. उन्हाच्या कामात पाणी भरपूर प्यावं, जेवणातलं मीठ अचानक बंद करू नये. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, गुंगी, असं दिसलं तर थांबायचं नाही. लेव्हल तपासायला रक्त द्यायचं ते आदल्या गोळीनंतर बारा तासांनी, म्हणून रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणी ठरलेल्या मुदतीत. महेश आता मोसमाच्या तोंडावर, मार्चमध्ये, एकदा लेव्हल करून घेतो.

औषधं सगळ्यांना एकच नसतात, हेही सांगायला हवं. विशेषतः मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं, कारण व्हॅल्प्रोएट या नेहमीच्या औषधाने गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. दिवस गेल्याचं कळल्यावर मात्र घाबरून आपल्याच मनाने गोळ्या सोडू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात फार नाजूक असतात.

"बरा असताना गोळ्या कशाला?" हे महेशनेही विचारलं होतं. तो बरा आहे तो गोळ्या, झोप आणि नियम यांच्या जोरावर. लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. सोडायचा विचार असेलच तर तो डॉक्टरांसमोर मांडावा, आणि तेही कमी करत करत, महिन्यांच्या हिशेबाने.

आपण उन्मादाबद्दलच जास्त बोलतो, कारण तो गावभर दिसतो. पण या आजारात बहुतेकांचे जास्त दिवस उदासीत जातात आणि जिवाला धोका तिथे मोठा असतो. महेशला पावसाळ्यात त्रास होतो. मोसम संपलेला, हाताला काम कमी, आभाळ भरलेलं. मागच्या जुलैत तो हळूहळू मंद होत गेला. मी त्याला सरळ विचारलं, "जगू नये असं मनात येतं का?" असं विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला. त्याच दिवशी शुभांगीने मांगरातल्या फवारणीच्या औषधांचे सगळे डबे काढून दिराच्या बंद खोलीत कुलपात ठेवले आणि किल्ली शेजारच्या काकांकडे दिली. बागायतदाराच्या प्रत्येक घरात ही औषधं हाताशी असतात. घरात कुणी उदास असो वा नसो, ती कुलपातच असावीत. डॉक्टरांनी औषध वाढवलं, आणि मी महेशला अगदी लहान कामं ठरवून दिली: सकाळी सातला अंथरूण सोडायचं, पोरीला शाळेच्या गाडीपर्यंत पोचवायचं, एवढंच. त्या दिवसांत त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा धरू नका असं घरच्यांना बजावलं. पाच-सहा आठवडे गेले, मग तो सावरला.

गणपतीचं काय करायचं, हा महेशचा सगळ्यात कळीचा प्रश्न होता. पखवाज सोडायला तो तयार नव्हता आणि मीही सोडायला सांगणार नव्हते. बुवांशी तो स्वतः बोलला, "डॉक्टरांनी जागरण बंद केलंय." यापेक्षा जास्त कुणाला सांगायची गरज पडली नाही. तो पहिल्या बारीला बसतो, साडेदहाला पखवाज पुतण्याकडे. घरी चाकरमानी असतात म्हणून गणपतीत तो माडीवर वेगळा झोपतो. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की परत. रात्रभर चालणारा दशावतारी दहीकाला त्याने सोडला आहे, आणि त्याचं त्याला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं मी समजावून घालवायचा प्रयत्न केला नाही. या आजारात काही गोष्टी खरोखर जातात.

दोघांनी मिळून एक कागद केला. महेशने बरा असताना, शांतपणे लिहिला. यादीतल्या खुणा दिसल्या तर बँकेचं कार्ड आणि चेकबुक शुभांगीकडे; पन्नास हजारांवरचा कुठलाही व्यवहार आठ दिवस थांबवायचा; जमिनीच्या कुठल्याही कागदावर त्या काळात सही नाही, ना विकायला ना दादाच्या सांगण्यावरून. शेवटची ओळ त्याचीच. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुणी न्यावं, हेही लिहिलं. हा घरगुती कागद आहे, त्याला कायद्याचं बळ नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्यावर कसे उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे आधीच रीतसर लिहून ठेवायचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमायचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे. महेशने प्रतिनिधी म्हणून शुभांगीचं नाव ठरवलं. भावाने त्यावर नाक मुरडलं.

शुभांगीने एकदा दार लोटून घेत विचारलं, "चेडवाक पण होतलो काय?" आनुवंशिकता या आजारात आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण लोकांत शंभरात एखाद्याला हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांत ते प्रमाण साधारण पाच ते दहा धरतात. म्हणजे अशा शंभर मुलांपैकी नव्वद ते पंच्याण्णव मुलांना तो होत नाही. पोरीला डोळ्यांत तेल घालून न्याहाळत बसू नका, असं मी सांगितलं. तिची झोप सांभाळा, पुढे दारू-गांजापासून लांब राहायला शिकवा, आणि बाबांना काय होतं हे तिच्या वयाला कळेल इतकं खरं सांगा. तिला आतापर्यंत "बाबांचं डोकं दुखतं" असं सांगत होते. महेशनेच तिला समजावलं की त्याच्या मनाला कधी फार जोर येतो, कधी अजिबात उरत नाही, आणि त्यावर औषध चालू आहे. तिने विचारलं, "मी भांडल्याने होतं का?" नाही म्हटल्यावर ती खेळायला गेली.

या जानेवारीत मोहर चांगला आला. महेश दोन रात्री चार-चार तास झोपला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने शुभांगीला पल्पच्या मशिनचं कोटेशन दाखवलं. तिने काही न बोलता कॅलेंडरकडे बघितलं. फोन त्यानेच लावला. डॉक्टरांनी रात्रीचं औषध काही दिवस वाढवलं, कार्ड शुभांगीकडे गेलं, भावाचे फोन आठवडाभर तिनेच घेतले. दहा दिवसांत झोप सात तासांवर आली. मशीन घेतलं नाही. जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही. महेश रीतसर वाटपासाठी वकिलाकडे गेला आहे, आणि त्यावरून दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा घरात कुणी डबी बघायलाही उठलं नाही.

तुमच्या घरात हा प्रश्न असेल तर सुरुवात जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करता येते. मोठी गरज असेल तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या घ्या, गोळ्यांची पाकिटं घ्या, आणि मागच्या पंधरा दिवसांत तो किती झोपला ते कागदावर लिहून न्या.